एका मिनिटाचा डाव

बुद्धिबळ माझ्या हातात आलं ते मोबाइलवर, आणि डोक्यात उतरवलं ते बाईंनी. आज मी मीरा रोडला मुलांचे बुद्धिबळाचे वर्ग घेते. त्यातून घराला हातभार लागतो, आणि पालक विश्वासाने मुलं सोपवतात. या सगळ्याच्या मुळाशी कोण आहे हे एकदा लिहून ठेवावं, असं बरेच दिवस मनात होतं. बाईंचं नाव मात्र लिहीत नाही. तेवढी एकच अट त्यांनी घातली आहे. त्या मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या, निवृत्तीनंतर भाईंदर पश्चिमेला साठ फुटी रस्त्याजवळ राहतात, एवढी ओळख पुरे.

माझे वडील भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करायचे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि गाळ्याचं शटर खाली आलं. आई घरी ब्लाउज शिवायची, तीही कामं थांबली. शांतीनगरच्या वन रूम किचनमध्ये आम्ही चौघं दिवसभर समोरासमोर. मी कॉलेजात होते आणि कॉलेज बंद होतं. त्याच सुमारास समय रैना या विनोदी कलाकाराने यूट्यूबवर बुद्धिबळ खेळायला सुरुवात केली. नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी त्याच्याबरोबर दिसू लागला आणि माझ्यासारखी कितीतरी मुलं पटाकडे वळली. सोंगट्या कशा चालतात एवढं मामाने लहानपणी शिकवलं होतं. तेवढ्या भांडवलावर मी लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर खातं उघडलं, कारण तिथे पैसे लागत नव्हते.

पहिल्यापासून मला आवडला तो बुलेट. अख्ख्या डावासाठी प्रत्येकाला एक मिनिट. जागतिक महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या, नियमांत १० मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ असेल तर तो ब्लिट्झ, १० पेक्षा जास्त आणि ६० पेक्षा कमी असेल तर रॅपिड. एका मिनिटाच्या डावाला तिथे वेगळा कप्पासुद्धा नाही. पण आमच्या घरात कुणी हाक न मारता अर्धा तास मिळणं अशक्य होतं. एक मिनिट मिळायचं. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये माझा एक डाव व्हायचा.

बुलेटमध्ये एक सोय असते, प्रीमूव्ह. समोरच्याने चाल करायच्या आधीच आपली पुढची चाल सांगून ठेवायची. त्याची चाल झाली की आपली आपोआप होते, घड्याळ जवळजवळ हलतच नाही. मी पहिल्या आठ-दहा चाली अशाच करायची. समोर कोण आहे, तो काय करतोय, हे बघायचं कामच नव्हतं. शेवटी त्याच्याकडे वजीर असो, माझ्याकडे नुसता राजा आणि एक प्यादं असो, त्याची वेळ आधी संपली की मी जिंकले. रेटिंग चढत गेलं आणि मला वाटू लागलं की आपल्याला बुद्धिबळ येतं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये फिडेने पहिलं ऑनलाइन ऑलिंपियाड भरवलं. भारताचा कर्णधार विदित होता. ३० ऑगस्टला रशियाविरुद्धच्या अंतिम लढतीत निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचं इंटरनेट तुटलं आणि वेळ संपून दोघांचेही डाव गेले. नंतर जगभर झालेला इंटरनेटचा बिघाड लक्षात घेऊन भारत आणि रशिया दोघांनाही सुवर्णपदक मिळालं. मी ती लढत फोनवर बघत होते. दिव्या तेव्हा १४ वर्षांची होती. तिच्याबद्दल वाटलेली आपुलकी सरळ होती: आपल्यासारखीच घरात बसून, आपल्यासारख्याच पडद्यावर खेळणारी मुलगी. ती आणि मी यांच्यात किती अंतर आहे, याची मला कल्पनाही नव्हती.

ती कल्पना बाईंनी दिली. टाळेबंदी सैल झाल्यावर आईकडे गिऱ्हाइकं परत येऊ लागली. बाई ब्लाउजचं माप द्यायला आल्या होत्या. आई टेप शोधत होती, मी खिडकीशी खेळत होते. समोरच्याची वेळ संपली, मी जिंकले. मागून आवाज आला, "अगं, तुझा हत्ती तर फुकट जात होता."

"पण त्याची वेळ संपली ना," मी म्हटलं.

"ते खरंच. त्याच्याकडे आणखी दहा सेकंद असती तर तू काय खेळली असतीस?"

त्या विचारण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं, आणि माझ्याकडे ते नव्हतं. निघताना म्हणाल्या, "रविवारी घरी ये. येताना हरलेले डाव आण. जिंकलेले नकोत."

बाई वाढल्या गिरगावात. १९७४ मध्ये बंगळूरला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि ती वासंती खाडिलकरांनी जिंकली. ‘नवाकाळ’कार नीळकंठ खाडिलकरांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही मुलींनी पुढची बरीच वर्षं राष्ट्रीय महिला बुद्धिबळावर आपलं नाव कोरलं. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. तिथे भाग घेणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यावरून वाद झाला, आणि महिलांना अडवता येणार नाही असं फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना स्पष्ट करावं लागलं. १९८१ मध्ये रोहिणी आशियाई विजेत्या झाल्या. बाई त्या काळात शाळकरी मुलगी होत्या. त्यांच्या वडिलांनी पेपरातलं खाडिलकर भगिनींचं छायाचित्र कापून भिंतीवर लावलं आणि मुलीला लाकडी पट आणून दिला. बाई थोड्याफार स्पर्धा खेळल्या. मग नोकरी, लग्न, लोकलचा प्रवास. पट मात्र गिरगावातून भाईंदरला त्यांच्याबरोबर आला.

त्यांच्या काळात लांबलेला डाव थांबवत असत. पुढची चाल कागदावर लिहून, पाकिटात बंद करून पंचाकडे द्यायची आणि रात्रभर त्या स्थितीचा अभ्यास करून दुसऱ्या दिवशी खेळायला बसायचं. अशा सवयीत घडलेल्या बाईंना एका मिनिटाचा खेळ पोरकट वाटेल, असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. पहिल्या रविवारी त्या माझ्या शेजारी बसून एकामागून एक डाव बघत राहिल्या. लिचेसवर प्रत्येक चालीला किती वेळ लागला तेही नोंदलेलं असतं, हे कळल्यावर त्यांना विशेष आनंद झाला. त्यांनी शाळेची दोनशे पानी वही काढली, पानाच्या मधोमध रेघ ओढली आणि डावीकडे लिहिलं ‘जमतं’, उजवीकडे ‘जमत नाही’.

आधी त्यांनी डावा रकाना भरला. तो भरायला बराच वेळ घेतला. घोड्याने एका वेळी दोन सोंगट्यांवर हल्ला करता येतो, ते हिला लगेच दिसतं. राजाच्या अंगावर काही येत असेल तर ते चटकन जाणवतं. डाव हरत आला तरी ही तो सोडत नाही, समोरच्याला दर चालीला नवा प्रश्न घालते. समोरच्याच्या घड्याळाकडे लक्ष असतं, आणि तो गडबडला की डाव मुद्दाम किचकट करते. कुणी आपल्या खेळाकडे इतक्या आपुलकीने बघितलं, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मला माझे गुणसुद्धा माहीत नव्हते.

मग उजवा रकाना. त्यातली पहिली नोंद माझ्या कायमची लक्षात राहिली: ‘सगळ्या चालींना सारखाच वेळ.’ मी समजत होते की वेगाने खेळायचं म्हणजे प्रत्येक चाल एका सेकंदात करायची. बाईंनी आकडे दाखवले. समोरच्याने माझी सोंगटी मारली आणि मला परत मारण्यावाचून पर्याय नव्हता, तिथे एक सेकंद. वजिरांची अदलाबदल करायची की नाही, ज्यावर पुढचा सगळा डाव ठरणार, तिथेही एक सेकंद. "साठ सेकंद तुझ्याकडे आहेत," त्या म्हणाल्या. "दहा चाली बिनविचाराच्या असतील तर त्या उडव. पण एक चाल अशी येते की तिथे पाच सेकंद थांबायलाच हवं. ती चाल ओळखता येणं म्हणजे वेगाने खेळणं." हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, आणि हजारो डाव खेळूनही माझं मला उमगलं नव्हतं.

दुसरी नोंद प्रीमूव्हची. काळ्या सोंगट्या असल्या की मी घोड्याच्या पुढचं प्यादं जी६ वर सरकवून लगेच उंट जी७ वर आणायची चाल आधीच सांगून ठेवायची. बाईंनी माझा एक डाव पटावर मांडला. पांढऱ्याने पहिल्या चालीला बी३ खेळलं, दुसऱ्या चालीला उंट बी२ वर आणला. त्या उंटाची तिरकी वाट पटाच्या या टोकापासून थेट माझ्या कोपऱ्यातल्या हत्तीपर्यंत मोकळी होती. तेवढ्यात माझा उंट आपोआप जी७ वर जाऊन बसला, आणि तिथे त्याला कुणाचाच आधार नव्हता. पांढऱ्याने तो मारला आणि पुढच्या चालीला हत्तीही घेतला. अडीच चालींत डाव संपल्यासारखाच. हे माझ्या बाबतीत पुन्हा पुन्हा झालं होतं. दर वेळी मी ‘नशीब’ म्हणून पुढचा डाव लावला होता. बाई एवढंच म्हणाल्या, "त्याने काय केलं ते बघितल्याशिवाय बोलायचं नाही, हे आपण माणसांशी पाळतो. इथेही तेच."

तिसरी नोंद होती ‘हरल्यावर थांबत नाही’. रात्री एक डाव गेला की तो भरून काढायला दुसरा, दुसरा गेला की तिसरा. प्रत्येक डाव आधीच्यापेक्षा वाईट. बाईंनी वेळा बघून दाखवलं की माझं रेटिंग घसरायचं ते नेहमी मध्यरात्रीनंतर. त्यांनी बंदी घातली नाही. नियम दिला: डाव हरलास तर पुढचा लावायच्या आधी तो एकदा पहिल्यापासून बघायचा. एवढ्या साध्या नियमाने माझी झोप परत आली. आईने बाईंचे आभार मानले ते आधी यासाठी.

आमच्या घरातल्या कामावरूनच बाईंनी मला ही सगळी गोष्ट एकदा समजावली. आई कापड आधी कच्च्या टिपेने जोडून अंगाला लावून बघते. कुठे सैल आहे, कुठे ओढलं जातंय, ते दिसतं. मग पक्की शिलाई. बाई म्हणाल्या, तुझे एक मिनिटाचे डाव म्हणजे ती कच्ची टीप. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त त्यालाच ब्लाउज समजू नकोस. त्या दिवसापासून बुलेट आणि संथ बुद्धिबळ यांत मला भांडण दिसेनासं झालं. घाईत हात तेच खेळतो जे अंगात मुरलेलं असतं. त्यामुळे काय मुरलेलं नाही, तेही घाईतच उघड होतं.

सगळ्यात जास्त उघडं पडलं ते डावाच्या शेवटाचं अज्ञान. एका रविवारी बाईंनी पट जवळजवळ मोकळा केला. माझा काळा राजा ई८ वर, हत्ती बी६ वर. त्यांचा पांढरा राजा डी५ वर, प्यादं ई५ वर आणि एक हत्ती. "तुझ्याकडे एक प्यादं कमी आहे. डाव बरोबरीत सोडव. घड्याळ नाही, हवा तेवढा वेळ घे." मला वेळ घ्यायची सवयच नव्हती. मी लगेच हत्ती मागे नेऊन शह द्यायला सुरुवात केली. त्यांचा राजा शांतपणे ई६ वर, स्वतःच्या प्याद्यापुढे येऊन उभा राहिला. मागून येणाऱ्या शहाला प्यादं आडवं, आणि समोर माझा राजा मातेच्या धाकात. काही चालींत मी हरले. पुन्हा मांडलं, पुन्हा हरले.

मग बाईंनी माझा हत्ती बी६ वर परत ठेवला आणि म्हणाल्या, "याला हलवायची गरजच काय?" हत्ती सहाव्या ओळीवर आहे तोवर पांढऱ्या राजाला त्या ओळीवर पाऊल ठेवता येत नाही. मी हत्ती त्याच ओळीत इकडून तिकडे सरकवत राहायचं. त्याला पुढे जायचं तर प्यादंच ई६ वर ढकलावं लागतं. आणि ते ढकललं की लगेच हत्ती पार खाली, पहिल्या ओळीवर न्यायचा आणि तिथून शह सुरू करायचे. आता प्यादं पुढे निघून गेलेलं, राजाला लपायला आडोसा नाही. डाव बरोबरीत. फिलिडोर नावाच्या फ्रेंच खेळाडूने हे अठराव्या शतकात दाखवून ठेवलं आहे. मी ते रात्रीपर्यंत मांडत बसले. थांबून राहणं हीसुद्धा चाल असते, समोरच्याला काहीतरी करायला लावायचं आणि त्याने केलं की मगच हलायचं, हे पहिल्यांदा कळलं. पुढच्याच आठवड्यात एका ब्लिट्झ डावात हीच स्थिती आली. माझ्याकडे मोजकी सेकंद होती, पण आता तेवढी पुरली. मला विचार करायचाच नव्हता, मला माहीत होतं.

आनंदच्या खेळाकडे कसं बघायचं, तेही बाईंमुळेच कळलं. विश्वनाथन आनंद लहानपणी मद्रासच्या ताल चेस क्लबमध्ये ब्लिट्झ खेळत घडला, आणि ऐंशीच्या दशकात तासन्‌तासांचा वेळ हाताशी असताना तो काही मिनिटांत डाव खेळून उठायचा. बाईंनी तेव्हा ते वाचून नवल केलं होतं. तोच आनंद २००३ मध्ये रॅपिडचा जगज्जेता झाला आणि २०१७ मध्ये, ४८ व्या वर्षी, रियाधला पुन्हा झाला. "हात म्हातारा होतो," बाई म्हणाल्या, "मग हे कशाच्या जोरावर?" मला उत्तर शोधायला लावून त्या चहा करायला उठल्या. आमच्या पिढीचं उदाहरणही त्यांनीच समोर ठेवलं. त्रिशूरचा निहाल सरीन आणि नागपूरचा रौनक साधवानी हे दोघे २०२१ च्या ऑनलाइन ज्युनियर स्पीड चेसच्या अंतिम फेरीत एकमेकांसमोर होते, निहाल जिंकला. पुढच्याच वर्षी चेन्नईच्या ऑलिंपियाडमध्ये दोघे भारताच्या ‘ब’ संघातून लाकडी पटावर, लांब वेळेचे डाव खेळले. संघाला कांस्यपदक आणि दुसऱ्या पटावर निहालला वैयक्तिक सुवर्ण. २०२३ मध्ये रौनकने जागतिक ज्युनियर रॅपिड स्पर्धा जिंकली. पडद्यावरचा वेग पटावर उपयोगी पडतो, पण त्याच्याखाली वर्षानुवर्षांचा अभ्यास असावा लागतो, हे मला या मुलांकडून कळलं.

माझा स्वतःचा पडद्यावरून पटापर्यंतचा प्रवास बाईंच्या धीरावर झाला. पहिली रॅपिड स्पर्धा गोरेगावला खेळले, त्यात ऑनलाइन खेळाडूचं सगळं कच्चेपण बाहेर आलं. फोनवर पट वरून दिसतो. टेबलाशी बसल्यावर तो तिरका, लांबवर पसरलेला दिसतो आणि पलीकडच्या कोपऱ्यातला उंट नजरेतून सुटतो. फोनवर बेकायदा चाल होतच नाही. इथे मी शह असताना दुसरीच सोंगटी खेळले. पंच आले, समोरच्या मुलाला वाढीव वेळ मिळाला. पुन्हा तीच चूक झाली असती तर डावच गेला असता. ज्या हाताने चाल, त्याच हाताने घड्याळ दाबायचं. सोंगटीला हात लावला की तीच खेळायची. हे नियम मला तोंडपाठ होते, हाताला माहीत नव्हते. संध्याकाळी विरार लोकलने परत येताना बाई भाईंदरपर्यंत एवढंच बोलल्या: "शेवटचे दोन डाव तू थांबून खेळलीस." वहीत त्यांनी ते डाव्या रकान्यात लिहिलं. पुढचे कितीतरी शनिवार त्यांनी माझ्यासमोर लाकडी पटावर, त्यांच्या जुन्या किल्लीच्या घड्याळावर खेळण्यात घालवले. त्यांना वेगाने खेळायला आवडत नाही. माझ्या हाताला सवय व्हावी म्हणून त्या खेळल्या, आणि बरेचदा चांगल्या स्थितीत असताना त्यांच्या घड्याळाची झेंडी पडली, म्हणजे वेळ संपली. एकदाही त्यांनी ‘अगं, जरा हळू’ म्हटलं नाही.

२८ जुलै २०२५ ची दुपार आम्ही बाईंच्या घरी काढली. जॉर्जियात बाटुमीला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना दोन भारतीयांमध्ये होता: २०१९ आणि २०२४ ची रॅपिड जगज्जेती कोनेरू हंपी आणि १९ वर्षांची दिव्या देशमुख. लांब वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते. आता १५ मिनिटांचे आणि चालीमागे १० सेकंद वाढीव असे रॅपिड डाव. दीडेक महिना आधीच दिव्याने लंडनला जागतिक सांघिक ब्लिट्झ स्पर्धेत चीनच्या हौ यीफानला हरवलं होतं, त्यामुळे घड्याळाची तिला भीती नाही हे ठाऊक होतं. पहिला डाव बरोबरीत. दुसऱ्यात दोघींचा वेळ आटत गेला, चुका दोन्हीकडून झाल्या. दिव्याच्या हातून विजय निसटतोय असं वाटलं, आणि तरीही ती प्रश्न विचारत राहिली. शेवटी हंपीची चूक झाली. दिव्या विश्वचषक विजेती आणि त्याच क्षणी भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली.

तिच्या डोळ्यांत पाणी, आईला मारलेली मिठी, हे सगळ्या देशाने बघितलं. माझ्या मनात घर केलं ते त्यानंतरच्या तिच्या बोलण्याने. विश्वचषक जिंकून काही मिनिटंही झाली नव्हती आणि ती सांगत होती की शेवट आपल्याकडून बिघडला होता, डावाचा शेवट आपल्याला अजून शिकायला हवा. पाच वर्षांपूर्वी मी तिला ‘आपल्यासारखी’ समजले होते. त्या दुपारी तिच्यातलं आणि माझ्यातलं अंतर मला नीट दिसलं. वेग तर माझ्याकडेही होता. विजयाच्या क्षणी स्वतःचा उजवा रकाना उघडून बघण्याची ताकद तिची. बाई टीव्हीकडे बघत म्हणाल्या, "हिला कुणीतरी चांगलं शिकवलंय." आणि मला वाटलं, मलाही.

आता माझ्याकडे मुलं येतात ती बहुतेक मोबाइलवरच शिकून आलेली असतात. परवा एक आई आपल्या मुलाला घेऊन आली. "मॅडम, हा दिवसभर बुलेट खेळतो. त्याची ही सवय मोडा." मुलगा मान खाली घालून उभा. मी त्याला विचारलं, हरलेले डाव आहेत का? त्याने फोन पुढे केला. मी वही काढली, मधोमध रेघ ओढली आणि डावीकडून सुरुवात केली. त्याला तिरक्या वाटा फार छान दिसतात, हे मी त्याच्या आईला दाखवलं तेव्हा त्याने पहिल्यांदा वर बघितलं. त्यानंतर उजव्या रकान्याबद्दल बोलणं सोपं गेलं. वर्गाचा नियम तोच आहे: वेगाने हवं तेवढं खेळा, पण दर आठवड्याला एक हरलेला डाव आणा, आणि कुठल्या चालीला थांबायला हवं होतं ते स्वतः शोधा. प्रत्येक मूल फिलिडोरची बरोबरी घड्याळाशिवाय शिकतं आणि ती जमली की मगच घड्याळावर खेळतं.

यातली एकही गोष्ट माझी नाही. बाईंनी फी कधी घेतली नाही. आईने त्यांचे ब्लाउज विनामोबदला शिवायचं ठरवलं, तर त्यांनी तेही चालू दिलं नाही. माझा वेग त्यांना काढून टाकता आला असता. आजूबाजूची सगळी मोठी माणसं तेच सुचवत होती. त्यांनी आधी त्यातलं चांगलं शोधून मला दाखवलं, म्हणून बाकीचं ऐकून घ्यायचं बळ मला आलं. आजही डाव शांत झाला की माझा हात उगाच एखादं प्यादं पुढे सारायला जातो, आणि आजही रविवारी बाई ते पकडतात. ती नोंद उजव्या रकान्यात अजून आहे. ती खोडली जाईपर्यंत, आणि त्यानंतरही, मी त्यांची विद्यार्थिनी आहे.